एकेचाळीस सेंटीमीटर

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणूनच झाइम कुर्तालिच तोंड उघडायचा, आणि चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं एवढं एकच वाक्य तंतोतंत खरं ठरत आलं होतं.

लिपनिक म्हणजे दोन डोंगर, मधून नदी, नदीवर एक पूल आणि पुलाच्या तोंडाशी ओब्रेनचं कॉफीघर. तिथलं खिडकीपासून दुसरं टेबल झाइमचं. खिडकीजवळचं नाही, कारण खिडकीतून वारं येतं, आणि मानेला वारं लागलं की माणूस आडवा झालाच म्हणून समजा. ह्या दुसऱ्या टेबलावर बसून झाइमने आजोबांच्या खेचराची गोष्ट सांगितली. त्या खेचराने म्हणे व्हिएन्नाच्या राजपुत्राला लाथ मारली आणि राजपुत्राने वर खेचराचीच माफी मागितली. एका हंसिणीने मंत्र्याची मोटार तीन तास अडवून धरली, ती गोष्टही ह्याच टेबलावरची. पण सगळ्या थापांच्या वरची थाप म्हणजे मासा.

"शहाऐंशी सालचा एप्रिल," झाइम सुरू करायचा. "पुलाखालचा डोह. होडीत मी आणि इब्रो. गळाला लागली म्लादित्सा! अडीच तास झुंजली. होडी प्रवाहाच्या उलट ओढत थेट गिरणीपर्यंत घेऊन गेली. गिरणीवाल्याने टोपी काढून सलाम केला. मला नाही, तिला!"

म्लादित्सा म्हणजे आमच्या नदीतल्या माशांची राणी. ही राणी सत्त्याऐंशी साली दीड मीटर लांब होती, नव्वद साली पावणेदोन, आणि युद्ध संपेपर्यंत सव्वादोन मीटर झाली. "युद्धानंतर सगळंच महागलं," ओब्रेन म्हणायचा.

ह्या माशाचा साक्षीदार जगात एकच, इब्रो. आणि नेमका इब्रो होता नदीचा सरकारी रखवालदार. एप्रिलमध्ये म्लादित्सा धरायला सक्त बंदी. ह्याच बंदीपायी इब्रोने स्वतःच्या सासऱ्याला दंड ठोकला होता, आणि सासरा त्यानंतर त्याच्याशी मरेपर्यंत बोलला नव्हता. म्हणून लोक त्यालाच विचारायचे, "काय रे इब्रो, होता का एवढा मासा?" इब्रो डोक्यावरची टोपी सरळ करायचा, साखरेचा खडा कॉफीत बुडवायचा आणि म्हणायचा, "नोंदवहीत तसा मासा नाही."

झालं. इब्रो म्हणतो नाही, म्हणजे नाही. कॉफीघर खिदळायचं आणि झाइम दोन्ही हात पसरून छताकडे बघायचा.

मग युद्ध आलं. ब्याण्णवच्या जूनमध्ये इब्रो नाहीसा झाला.

झाइमने पहिल्या दिवसापासून सांगितलं: "मी बघितलं. पुलावरून नेला त्याला. कॅप्टन वुयासिन स्वतः उभा होता." निर्वासितांच्या छावणीत सांगितलं, परत आल्यावर सांगितलं, चौकशीला आलेल्या चार वेगवेगळ्या समित्यांना सांगितलं. लोक मान डोलवायचे, कॉफी मागवायचे आणि विचारायचे, "आणि ह्यावेळी मासा केवढा होता, झाइम?"

गावाने स्वतःची एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती. इब्रो स्वीडनला पळाला. पोस्टमास्तरीण मेव्हलिदा त्याच आठवड्यात स्वीडनला गेली होती, एवढा पुरावा गावाला पुरे झाला. पुढे मेव्हलिदाने फोटो पाठवला. फोटोत ती आणि तिचा टकला स्वीडिश नवरा. "बघा," गाव म्हणालं, "फोटो काढणारा इब्रो असणार."

इब्रोची बायको रझिया हे सतरा वर्षं ऐकत होती.

मग २००९ साली राजधानीहून सरकारी वकील गॉर्दाना लिपनिकला आली. कॅप्टन वुयासिन सापडला होता. देशाच्या दुसऱ्या टोकाच्या एका शहरात तो गाद्यांचं दुकान चालवत होता आणि गिऱ्हाइकांना शांत झोपेची हमी देत होता. त्याचं म्हणणं असं: त्या दिवशी मी लिपनिकला नव्हतोच. चाळीस किलोमीटरवर दातांच्या डॉक्टरकडे दाढ काढून घेत होतो. आणि इब्रो? तो स्वखुशीने देश सोडून गेला. स्वीडनला विचारा.

डोळ्यांनी बघणारा साक्षीदार पृथ्वीच्या पाठीवर एकच होता.

गॉर्दाना कॉफीघरात बसली. लिपनिकमध्ये गोपनीय चौकशी करायला दुसरी जागा नाही. घरी बसलं तर शेजारीण साखर मागायला येते. आसपासच्या टेबलांवर अख्खं गाव भिंतीकडे तोंड करून, कान मात्र मागे लावून बसलं होतं.

"कॅप्टनने इब्रोला स्वतः हात लावला का?" गॉर्दानाने विचारलं.

"नाही. हात खिशात होते," झाइम म्हणाला. "खिशात अक्रोड होते. नुसतं 'ह्याला गाडीत' म्हणाला."

"तेवढं पुरे आहे. आणि समजा, तेही म्हणाला नसता. पण आपली माणसं काय करताहेत हे माहीत असून त्याने थांबवलं नसतं, नंतर शिक्षा केली नसती, तरी वरिष्ठ म्हणून तो दोषीच."

ओब्रेन कॉफीचं तांब्याचं भांडं घेऊन तिथेच थबकला. "म्हणजे मॅडम, माणसाने स्वतः काहीही केलं नाही, तरी दोषी?"

"काहीही केलं नाही म्हणूनच दोषी."

"तीस वर्षं माझी बायको मला हेच सांगते आहे."

"आणि तीस वर्षं तू काहीच करत नाहीयेस!" स्वयंपाकघरातून स्मिल्याचा आवाज आला.

"त्याचा वकील आणखी एक मुद्दा काढणार आहे," गॉर्दाना म्हणाली. "गुन्हा घडला तेव्हाचा कायदा लावायचा की आताचा? तेव्हाचा कायदा ज्या देशाचा होता तो देशच आता उरलेला नाही."

झाइमने कपाळाला आठ्या घातल्या. "देश मेला आणि कायदा जिवंत?"

"तसंच काहीसं."

"कळलं. नवरा गेला, सासू टिकून आहे."

"मग तो असंही म्हणेल," ओब्रेन मध्ये पडला, "की त्यांनीही केलं, मग आम्ही केलं."

"तो बचाव न्यायालयात चालत नाही."

"अरे देवा. आमच्याकडे तर दुसरा कुठला बचाव कुणाला येतच नाही."

गॉर्दानाने वही मिटली आणि जरा चाचरत विचारलं, "झाइमकाका, एक विचारू? गावात तुमच्याबद्दल लोकांचं मत काय आहे? म्हणजे, खरेपणाच्या बाबतीत."

आजूबाजूचे चमचे वाजेनासे झाले. शेवटी ओब्रेनने छाती पुढे काढली आणि जणू गावातल्या जुन्या मशिदीबद्दल सांगावं अशा अभिमानाने म्हणाला, "मॅडम, तिन्ही खोऱ्यांत असा थापाड्या झाला नाही."

गॉर्दानाने डोळे मिटले आणि ते बराच वेळ उघडले नाहीत.

जाताना तिने बजावलं, तुमचं नाव कुणालाही कळणार नाही. तुम्हाला पडद्याआड बसवू, आवाज यंत्रातून बदलू. आजपासून तुम्ही साक्षीदार के-१७. दुसऱ्या दिवशी झाइम कॉफीघरात शिरला तेव्हा ओब्रेन म्हणाला, "या के-सतरा, नेहमीचीच ना?"

साक्षीच्या आदल्या दिवशी रझिया झाइमच्या अंगणात आली. हातात झाकलेली थाळी, थाळीत पिता, म्हणजे पातळ पोळीत पालक भरून भाजलेली गुंडाळी. लिपनिकमध्ये रझियासारखी पातळ पोळी कुणाला ताणता येत नाही. तिच्या पोळीतून वर्तमानपत्र वाचता येतं म्हणतात, आणि ही थाप झाइमची नाही.

"खा, भाऊजी," ती म्हणाली आणि बाकावर बसली. "उद्या तुम्ही खरं सांगाल."

"सांगणारच आहे, वहिनी. तीच तर पंचाईत आहे. मी खोटं बोललो की लोकांना मजा वाटते आणि खरं बोललो की जास्त मजा वाटते."

रझियाने डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला. "वुयासिनला किती वर्षं दिली ह्याच्याशी मला काही करायचं नाही. मला एक कागद हवा आहे. त्यावर शिक्का हवा. त्यावर लिहिलेलं हवं की माझा माणूस पळाला नाही, त्याला नेला. स्मिल्या चांगली बाई आहे, पण तीसुद्धा परवा मला म्हणाली, 'जाऊ दे ग, स्वीडनमध्ये थंडी फार असते.'"

"माझ्यावर तुमचा तरी विश्वास आहे ना?"

"आहे हो. पण माझ्या विश्वासावर शिक्का बसत नाही. काहीही करा भाऊजी, पण त्यांना पटवा."

झाइम पिता खात राहिला. त्या दिवशी त्याने एकही थाप मारली नाही. त्याच्या बायकोने काळजीने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

न्यायालयात जायला गावाने बस केली. ओब्रेनने कॉफीघराला कुलूप लावलं, दोन थर्मास भरून घेतले, आणि प्रेक्षकांच्या काचेआडच्या सगळ्या खुर्च्या लिपनिकच्या लोकांनी भरल्या. पलीकडे पडदा, पडद्याआड साक्षीदार. कानाला लावायच्या यंत्रातून आवाज आला, तो बरणीत अडकलेल्या अस्वलासारखा.

"साक्षीदार के-सतरा, आपल्याला ऐकू येतंय का?" न्यायाधीश अल्मासा हानुम ह्यांनी विचारलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणणाऱ्या, पासष्टीच्या बाई.

"हो, ऐकू येतंय," अस्वल म्हणालं. "झाइम बोलतोय."

गॉर्दानाने कपाळ धरलं. काचेआड स्मिल्याने हळूच हात हलवला.

शपथ झाली. मग अस्वल खोकलं आणि म्हणालं, "न्यायाधीशबाई, खरं सगळं सांगतो, पण आधी ते मागचं दार लावून घ्या. इकडची खिडकी उघडी आहे आणि तिकडचं दार उघडं आहे. थेट मानेवर वारं येतंय."

न्यायाधीशबाईंनी मान वळवून पाहिलं आणि त्यांचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला. बचावाचे वकील सावा ब्येलान, रेशमी टाय, चांदीचं पेन, लगेच उठले. "बचाव पक्षाची हरकत नाही. उलट मीच विनंती करणार होतो." आरोपीच्या पिंजऱ्यातून कॅप्टन वुयासिनसुद्धा बोलला, "सकाळपासून सांगतोय ह्यांना, माझा खांदा धरलाय." पोलिसाने धावत जाऊन दार लावलं. संपूर्ण खटल्यात दोन्ही पक्षांना मान्य असलेली ही एकमेव बाब.

गॉर्दानाच्या प्रश्नांना झाइमने सरळ उत्तरं दिली. इतकी सरळ, की गाव अस्वस्थ झालं. वीस जून ब्याण्णव, सकाळ. पुलाखालच्या वाळुंजाच्या झाडीत तो गळ टाकून बसला होता. घरात पीठ संपलं होतं. वर पुलावर हिरवी व्हॅन थांबली. कॅप्टन उतरला, खिशातून अक्रोड काढला, उजव्या दाढेखाली धरून फोडला आणि टरफल नदीत थुंकला. टरफल वाहत झाइमच्या गळाच्या बुचाला येऊन लागलं. मग इब्रोला आणलं, सरकारी टोपी डोक्यावर. कॅप्टन म्हणाला, "ह्याला गाडीत."

"इब्रोने काही केलं?"



"त्याने खाली पाहिलं. मी झाडीत दिसलो त्याला. लगेच नजर दुसरीकडे वळवली, म्हणजे दुसऱ्या कुणी खाली बघू नये. आणि मग दोन्ही हात असे पसरले."

"साक्षीदार दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूंना पसरून दाखवत आहेत," गॉर्दाना नोंदीसाठी म्हणाली. "म्हणजे शरण जात असल्याची खूण?"

"तुम्ही लिहा काय लिहायचं ते," अस्वल म्हणालं. "मग त्याला आत ढकलला आणि दार लावलं. टोपी पुलावर पडली. गाडी गेल्यावर मी जाऊन उचलली. ती मी वहिनीला दिली."

काचेआड ओब्रेनच्या हातातला थर्मास हळूहळू कलंडत होता, पण त्याला पत्ता नव्हता.

मग ब्येलान उठले. आधी पेन खाली ठेवलं, मग हसले.

"साक्षीदार, दाढ काढलेला माणूस त्याच दिवशी दाढेने अक्रोड फोडेल का?"

"नाही फोडणार. म्हणून तर म्हणतो, काढली नव्हती."

"डॉक्टरांचं कार्ड आहे आमच्याकडे."

"माझ्याकडे टरफल होतं. पण ते मी ठेवलं नाही. मला काय माहीत कायदा येणार म्हणून."

ब्येलान जवळ आले. "आपल्याला गोष्टी सांगायची आवड आहे, असं ऐकतो. आजोबांचं खेचर?"

"तसं एक खेचर होतं."

"राजपुत्राने त्याची माफी मागितली?"

"माझ्यासमोर नाही मागितली."

काचेआड हसू फुटलं. ब्येलाननी ते पुरतं विरू दिलं, आणि मग अगदी गोड आवाजात विचारलं, "आणि मासा? शहाऐंशी सालची म्लादित्सा. ती किती लांब होती? गावातले अकरा लोक मी उभे करू शकतो. काहींना दोन मीटर आठवते, काहींना सव्वादोन. आपण शपथेवर आहात. किती?"

झाइमला पडद्याआडून गाव दिसत नव्हतं, पण त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. तेवीस वर्षं ते गाव रोज हा मासा त्याच्याकडे मागत आलं होतं. सव्वादोन म्हटलं, तर पुलावर जे जे पाहिलं ते सगळं त्या शेपटीला बांधून नदीत बुडालं असतं. खाली मांडीवर त्याचे हात होते. नकळत ते एकमेकांपासून लांब सरकायला लागले होते. त्याने ते एकमेकांत अडकवले आणि गुडघ्यांत दाबून धरले.

"एकेचाळीस सेंटीमीटर," तो म्हणाला.

ब्येलान वाकले. "माफ करा?"

"एकेचाळीस. शेपटीसकट."

काचेआड खुर्च्या करकरल्या. "काय म्हणाला?" "चार मीटर म्हणाला?" "अरे, एकेचाळीस सेंटीमीटर!" ओब्रेन म्हणाला, "यंत्र बिघडलं असेल." आणि रझिया एकदम अर्धी उभी राहिली, तोंड उघडलं, चेहरा लालेलाल. स्मिल्याने तिला दंडाला धरून खाली बसवलं. रझियाने रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. बिचारी रडते आहे, असं सगळ्यांना वाटलं.

"म्हणजे तेवीस वर्षं," ब्येलान सावरून म्हणाले, "आपण अख्ख्या गावाशी खोटं बोललात?"

"बोललो. पण गाव मला शपथ घालून विचारत नव्हतं, साहेब. कॉफी पाजून विचारत होतं."

न्यायाधीशबाईंनी चष्मा वर केला. "साक्षीदार, एक क्षण. एप्रिल महिना, म्हणजे बंदीचा काळ. आणि एकेचाळीस सेंटीमीटर म्हणजे परवानगीपेक्षा लहान मासा. स्वतःला दोषी ठरवणारं उत्तर द्यायला आपण बांधील नाही, हे आपल्याला सांगणं माझं कर्तव्य आहे."

गॉर्दाना ताडकन उठली. माशाच्या गुन्ह्याची मुदत केव्हाच संपली आहे. मुदत संपत नाही ती युद्धगुन्ह्याची. ब्येलान सवयीने उठले आणि म्हणाले, मुदत कुठल्या कायद्याने मोजायची? शहाऐंशी सालच्या मासेमारी कायद्याने की आजच्या? गॉर्दाना म्हणाली, दोन्हींत जो गुन्हेगाराला सौम्य असेल, त्याने. ब्येलान म्हणाले, हाच नियम माझ्या आशिलालाही लावा. न्यायाधीशबाई म्हणाल्या, आपण आत्ता माशाबद्दल बोलत आहोत. वीस मिनिटं वाद झाला, कारकून जाऊन जुनं राजपत्र घेऊन आला, आणि शेवटी साक्षीदार के-१७ ह्याच्यावर मासा पकडल्याबद्दल कारवाई होऊ शकत नाही असा निर्णय लिहून घेतला गेला. एवढ्या वेळात ब्येलानच्या पायाखालची वाळू सरकली होती. ज्या माणसाला खोटारडा ठरवायला ते आले होते, त्याने स्वतःच्या तोंडाने, गावासमोर, आपली सगळी अब्रू काढून टेबलावर ठेवली होती, आणि वर एक गुन्हाही कबूल केला होता.

"आणखी काही प्रश्न?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

ब्येलाननी चांदीचं पेन खिशात ठेवलं. "नाहीत."

परतीच्या बसमध्ये झाइमशेजारी कुणी बसलं नाही.

निकाल पाच महिन्यांनी लागला. डॉक्टरांच्या कार्डावरची तारीख दुसऱ्याच शाईत होती, हे तज्ज्ञाने दाखवून दिलं. पण मुख्य भिस्त के-१७ वर. "ज्या साक्षीदाराने शपथेखाली स्वतःच्या लौकिकाला बाधा आणणारं सत्य न डगमगता सांगितलं," न्यायाधीशबाईंनी लिहिलं, "त्याने पुलावर काय पाहिलं ह्याविषयी शंका घेण्याचं न्यायालयाला कारण दिसत नाही." कॅप्टन वुयासिनला अकरा वर्षं. कायदा लावला तेव्हाचाच, म्हणून अकरा. कागदावर शिक्का होता, आणि शिक्क्याच्या वर लिहिलं होतं की इब्रोला बळजबरीने नेण्यात आलं.

लिपनिकने रझियाची माफी मागितली. प्रत्येकजण काहीतरी घेऊन गेला. अंडी, मध, कुणी लाकडं फोडून दिली. स्मिल्या तासभर दारात उभी राहून रडली. झाइमला मात्र कुणी माफ केलं नाही.

"तेवीस वर्षं," ओब्रेन म्हणायचा, "एकेचाळीस सेंटीमीटर ऐकण्यासाठी मी ह्याला फुकट कॉफी पाजली." शेजारच्या गावचे लोक पुलावरून जाताना हातांनी वीतभर अंतर दाखवून ओरडायचे, "काय लिपनिककर, राणी कशी आहे?" ओब्रेनने लाकडाचा एक मासा कोरून घेतला, मोजून एकेचाळीस सेंटीमीटर, आणि झाइमच्या टेबलावरच्या भिंतीला ठोकला. कुणी चुकून म्हणालंच की थोडी मोठी असेल, तर ओब्रेन बोट उचलून म्हणायचा, "परिच्छेद दोनशे चौदा. न्यायालयात सिद्ध झालेली बाब. आता देवालासुद्धा बदलता येणार नाही."

झाइम त्या माशाखाली बसायचा, कॉफी प्यायचा आणि गप्प राहायचा. खेचर गेलं, हंसीण गेली. लोक हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले, आणि हवापाण्यावर माणूस एका कपापेक्षा जास्त बसत नाही. ओब्रेनचा धंदा निम्म्यावर आला, पण त्याने मासा काही काढला नाही.

सप्टेंबरातल्या एका सकाळी कॉफीघराचं दार उघडलं आणि रझिया आत आली. आयुष्यात ती ह्या दारातून कधी आत आली नव्हती. सगळे उठून उभे राहिले. ती झाइमच्या समोर बसली आणि पिशवीतून निकालाचा जाडजूड गठ्ठा काढला.

"माझा चष्मा फुटलाय, ओब्रेन. पुलाचा भाग वाच मला. मोठ्याने."

ओब्रेनने हात पुसले आणि वाचलं. अक्रोड वाचला. "ह्याला गाडीत" वाचलं. मग, "'पीडिताने दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत बाजूंना पसरले. न्यायालय ही कृती शरणागतीची खूण मानतं.'"

"थांब," रझिया म्हणाली. "ते परत वाच."

ओब्रेनने परत वाचलं.

रझिया झाइमकडे वळली. "भाऊजी, दाखवा. हात कसे होते?"

"लिहिलंय ना, वहिनी."

"दाखवा."

झाइमने हात पसरले. कॉफीघरातल्या लोकांनी माशाच्या गोष्टीत हे हात हजार वेळा पाहिले होते.

"शरण जाणारा माणूस हात वर करतो," रझिया हळूच म्हणाली. "हे आडवे आहेत. तुम्ही झाडीत दिसल्यावर पसरले ना त्याने? मग तुम्हालाच काहीतरी दाखवत होता तो. काय दाखवत होता?"

"काही नाही." झाइमने हात टेबलाखाली घेतले. "शरण गेला बिचारा. आता ह्या वयात कशाला उकरून काढता? शिक्का बसलाय, तुम्हाला कागद मिळालाय. इब्रो शरण गेला, आणि मासा होता एकेचाळीस सेंटीमीटर. दोन्ही लिहिलेलं आहे, दोन्ही खरं आहे."

रझिया खुर्ची मागे सारून उठली. भिंतीवरचा लाकडी मासा तिने उपटला आणि दाणकन टेबलावर आपटला, कपबशा उडाल्या.

"खोटं!" ती ओरडली. "साफ खोटं! अरे, पिताची पोळी ताणायच्या माझ्या टेबलावर तिरकी ठेवली तरी तिची शेपूट खाली लोंबत होती! रखवालदाराच्या घरातून एप्रिलमध्ये वास बाहेर जाऊ नये म्हणून तीन दिवस दारं-खिडक्या लावून तळत होते मी! एक मीटर सदतीस भरली, मी माझ्या हाताने मोजली! सव्वादोन नाही आणि एकेचाळीसही नाही! झाइम कुर्तालिच, तुम्ही शपथेवर खोटं बोललात!"